गिअर कोणता होता

उस्ताद, परवा माझ्या डाव्या पायाने पुन्हा तोच वेडेपणा केला. नातवाच्या नव्या ट्रकमध्ये त्याच्या शेजारी बसून मोर्शीहून अमरावतीला येत होतो, मागे संत्र्याचा माल होता. नांदगाव पेठेच्या अलीकडे एक बैलगाडी आडवी आली. नातवाने एकदाच क्लच दाबला, दांडा अलगद ओढला आणि गाडी काही तक्रार न करता चौथ्यावरून तिसऱ्यावर आली. माझ्या पायाखाली नुसता पत्रा, तरी माझा पाय दाबला गेला, सुटला आणि पुन्हा दाबला गेला. नातवाने पाहिलं. "आजोबा, हे का करून राहिले तुमी?" म्हणाला. मी म्हणालो, पायाला मुंग्या आल्या. सत्तरी उलटली तरी गाडीचा विषय निघाला की माझ्या तोंडून पहिल्या झटक्यात खोटंच बाहेर पडतं. घरी येऊन चहा घेतला आणि वाटलं, आता तुम्हाला लिहावं. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली. तुम्हाला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तुम्ही असताना लिहिलं असतं तरी मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तिथेच तर घोडं पेंड खात होतं.

आजच्या पोरांना सांगून पटत नाही की गिअर बदलणं हे एके काळी बैल पारखण्याइतकं कसबाचं काम होतं. लढाई संपली, मिलिटरीच्या गाड्या लिलावात निघाल्या आणि अमरावतीच्या आपल्या मालकाने त्यातल्या दोन उचलल्या. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात. पेट्रोल कुपनावर मिळे आणि परवान्याचा कागद नागपूरहून हलला तर हलला. गाडीचा खाकी रंग तसाच होता, दारावरचे पांढरे आकडे तेवढे मालकाने डांबर फासून झाकले होते. नाक बसकं, आणि इंजिन पुढे नाही तर आत, ड्रायव्हर आणि शेजारी बसणाऱ्याच्या मधोमध पत्र्याच्या पेटीत. हिवाळ्यात त्या पेटीवर भाकरी गरम होत आणि उन्हाळ्यात आपण भाजून निघायचो. गिअरचा दांडा असा मागे, गुडघ्याच्या आड, की नवखा माणूस तो शोधता शोधता रस्ता सोडून शेतात जायचा. मी चोवीस वर्षांचा होतो. घरी तीन भाऊ, वांग्या-कोबीची वाडी, संत्र्याची लहानशी बाग, आणि मॅट्रिक पास झाल्यामुळे वाफ्यात पाणी धरायची लाज वाटणारा मी. तुम्ही अकोल्याकडचे, काळ्या मातीच्या घरातले, पण शेती भावावर टाकून लढाईत आसामच्या डोंगरात चार वर्षं हेच ट्रक हाकून आलेले. मालकाने मला तुमच्या हाताखाली दिलं त्या दिवशी तुम्ही माझं नावही विचारलं नाही. मालक म्हणाला, पोरगा मॅट्रिक आहे. तेव्हापासून मी तुमच्यासाठी मॅट्रिक झालो तो झालोच.

पहिल्या आठवड्यात मी गिअर असा काही घालत असे की रस्त्याच्या कडेची गुरं कान टवकारायची. त्या गाडीत दातांना दात आपोआप जुळत नसत, जुळवावे लागत. क्लच दाबायचा, दांडा मधल्या मोकळ्या जागेत आणायचा, म्हणजे न्यूट्रलला. मग क्लच सोडायचा, आणि खालच्या गिअरला जायचं असेल तर रेस द्यायची, म्हणजे इंजिनाची चाल चाकांच्या चालीला येऊन मिळते. मग पुन्हा क्लच दाबून दांडा जागेवर. डबल क्लच म्हणतात तो हाच. वाचायला जितका वेळ लागतो त्याच्या दहाव्या हिश्शात हे सगळं व्हायला हवं, नाहीतर आतून जो आवाज येतो त्याने ड्रायव्हरची सगळ्या बाजारात शोभा होते. मी ताकदीचा गडी, मला वाटायचं जोर लावला की जाईल. तुम्ही तीन दिवस काही बोलला नाहीत. चौथ्या दिवशी मला गाडीखाली घातलंत, गिअरपेटीचा बूच काढून तेल घमेल्यात घ्यायला लावलंत, आणि त्या काळ्या तेलाचा ओंजळभर गाळ माझ्या तळहातावर ठेवून मला उन्हात उभं केलंत. तेलात चांदीसारखा बारीक चुरा चमकत होता. "हे गाडीचे दात होय बे," तुम्ही म्हणालात. "तू चार दिवसांत खाल्ले. माणसाचे दात पडले तं कवळी भेटते, याले कोण देईन?" हात धुऊ दिला नाहीत. त्याच हाताने मी दुपारपर्यंत फिरलो, आणि मला तुमचा इतका राग आला होता की मी मनातल्या मनात घरी परतायची पिशवी भरून ठेवली होती.

पण त्याच संध्याकाळी तुम्ही मला जेवायला घरी नेलंत. अंबागेटच्या आतलं तुमचं दोन खोल्यांचं घर मला आजही डोळ्यांसमोर दिसतं. काकू चुलीपाशी बसल्या आहेत, भरल्या वांग्याचा वास येतो आहे, आणि तुम्ही माझ्या पायांसमोर दोन पाट मांडता, एक क्लच, एक रेस. काकूंच्या हातातलं लाटणं काढून घेता आणि माझ्या डाव्या मांडीशी उभं धरता, हा दांडा. मी, मॅट्रिक पास, स्वयंपाकघरात पाट दाबत बसलो आहे. तुम्ही तोंडाने इंजिनाचा आवाज काढता, चढाचा वेगळा, उताराचा वेगळा, आणि मी चुकलो की लाटण्याचा टोला गुडघ्यावर. "दोन माणसं एका वाटेनं चालून राहिले," तुम्ही म्हणता, "एक झपाझप, एक रमत-गमत. हात धराचा असन तं आंधी चाल जुळवा लागते. नाई तं हात उखडते." ही एक गोष्ट मला कोणत्याही मास्तराने कोणत्याही पुस्तकातून इतकी पक्की शिकवली नाही. काकू म्हणाल्या, "तुमची गाडी उभी राहिली असन तं लाटणं द्या, माह्या पोया राहिल्या." त्या दिवशी जेवताना मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. आठ दिवसांत माझा हात बसला. महिन्याभरात तुम्ही गाडीचा तडकलेला मूळ गट्टू काढून बाभळीच्या लाकडाचा एक गोल गट्टू दांड्याच्या टोकाला बसवलात, तुम्हीच तासलेला, आणि म्हणालात की हा आता तुझ्या हाताच्या मापाचा आहे.

आता त्या देवाचं. वाशीमकडून ज्वारीची पोती भरून आपण अकोल्याला यायचो. पातूरचा घाट उतरायच्या आधी, अगदी माथ्यावर, पळसाखाली शेंदूर फासलेला एक दगड होता. तिथे तुम्ही गाडी उभी करत असा. नेहमी. पाऊस असो, उशीर झालेला असो, मालक स्वतः गाडीत बसलेला असो. खाली उतरून पळसाच्या पानावर गुळाचा खडा ठेवायचा, गाडीभोवती एक चक्कर मारायची, ब्रेक तापलेत का म्हणून चारी चाकांच्या ब्रेकच्या डब्यांना हाताची उलटी बाजू लावून पाहायची, परत चढायचं, उभ्या गाडीत दुसरा गिअर घालायचा आणि घाट संपेपर्यंत दांड्याला हात लावायचा नाही. इंजिन कण्हत कण्हत गाडीला धरून ठेवायचं आणि आपण पायी चालणाऱ्याच्या चालीने खाली यायचो. इतर ड्रायव्हरही तुमचं पाहून थांबू लागले होते. मला ते सगळं हास्यास्पद वाटे. मी शाळेत शास्त्र शिकलेला, उंटावरचा शहाणा. एकदा मी तुम्हाला विचारलंच, उस्ताद, हा देव ब्रेकात बसतो की गिअरात? तुम्ही चिडला नाहीत. "देव काही मागत नाई बे," म्हणालात. "उभं राहा म्हनते. तेवढं उभं राहाव." मी हसलो आणि तो विषय तिथेच राहिला.

संक्रांत होऊन गेली होती. त्या दिवशी सकाळी वाशीमला तुम्ही गाडीखाली शिरून चारी चाकांचे ब्रेक पान्याने आवळलेत, घाट असेल त्या दिवशी आवळायचात तसेच. मी बाहेरून पाने देत होतो. तेव्हाच तुमचा हात थरथरत होता. आसामातून आणलेला हिवताप दर थंडीत डोकं काढायचा. निघालो तेव्हा तुम्ही म्हणालात, आज तू घे, आणि डावीकडे पेटीच्या उबेला टेकून, डोक्यावरून कांबळं ओढून पडून राहिलात. लादलेली गाडी घाटातून उतरवायची माझी ती पहिलीच वेळ. माथा जवळ आला तेव्हा तुमचं अंग तापाने फणफणलं होतं, तुम्ही कांबळ्यात कण्हत होतात. मला तुम्हाला लवकरात लवकर अकोल्याच्या दवाखान्यात पोचवायचं होतं. त्या घाईत मी पळसापाशी थांबलो नाही. गाडी चौथ्यात होती, तशीच उताराला लागली.

पुढे काय झालं ते मी कुणालाच आजवर नीट सांगितलेलं नाही. पहिल्या वळणाच्या आधी मी दुसरा घालायला गेलो. क्लच दाबला, दांडा न्यूट्रलला आणला, रेस दिली, पुन्हा दाबला, आणि दांडा आत जाईना. तेवढ्या क्षणात गाडीने उतारावर वेग घेतला होता, चाकांची चाल वाढली होती, मी दिलेली रेस अपुरी पडली. पुन्हा रेस दिली, पुन्हा दात करकरले. तिसरा तरी लागेल म्हणून दांडा तिकडे नेला, तोही लागेना. आता गाडी कोणत्याच गिअरात नव्हती. इंजिन एकीकडे बोंबलत होतं आणि चाकं मोकळी धावत होती, मागे ज्वारीची पोती. ब्रेकवर उभा राहिलो. दोन वळणं ब्रेकने धरलं, मग जळका वास आला, मग पाय दाबला की नुसता खाली जाऊ लागला. समोरून चढाला चार बैलगाड्या येत होत्या, पुढच्या गाडीत बायका बसल्या होत्या. उजवीकडे दरी, डावीकडे डोंगर. मी गाडी डोंगराला घासली. डोंगर डावीकडे होता, उस्ताद, आणि डावीकडे तुम्ही होतात. तुम्ही जागे झालात ते त्या धडकेनेच. दार आत चेपलं आणि पेटी आणि दाराच्या मधे तुमचा डावा हात सापडला. बैलगाड्या सुखरूप राहिल्या, मला एक ओरखडा नाही.

अकोल्याच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी तुम्ही पांढऱ्या चादरीवर पडला होतात, हात खांद्यापर्यंत बांधलेला. मालक अमरावतीहून आला, खाटेच्या पायाशी उभा राहिला आणि त्याने मला विचारलं, काय झालं. मी म्हणालो, ब्रेक लागला नाही. ते खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. त्याने गाडी पाहिली होती, जळलेले ब्रेक पाहिले होते, त्याला ते पटलं. मला वाटलं, सुंठेवाचून खोकला गेला. मालक गेल्यावर तुम्ही डोळे उघडलेत. मला वाटलं होतं तुम्ही झोपलात. तुम्ही एवढंच विचारलंत, "गिअर कोणता होता बे?"

"दुसरा," मी म्हणालो.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी नजर खाली केली नाही, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. मग तुम्ही मान वळवलीत आणि आपल्या उजव्या हाताकडे, आदल्या सकाळी पाना धरलेल्या हाताकडे, पाहिलंत. म्हणालात, "मंग ब्रेक माह्याकडूनच राहिला." गिअर दुसरा असता आणि गाडी पळाली असती, तर कुठेतरी ब्रेक साफ सुटला होता एवढाच त्याचा अर्थ निघत होता, आणि ब्रेक तुमचे होते. तुम्ही माझ्यावर शंकाही घेतली नाहीत. घेतली असती तर मी त्याच दिवशी फुटलो असतो, असं मी स्वतःला किती वेळा सांगितलं आहे. तेही खरं की नाही, कोण जाणे.

तुमचा हात जोडला गेला, पण मूठ वळेना. गिअरचा हातच गेला. मालक वाईट माणूस नव्हता, त्याने ओळखीच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकावर तुम्हाला राखणदार म्हणून लावून दिलं, आणि डागडुजी होऊन गाडी आली ती माझ्या ताब्यात दिली. मी उस्ताद झालो. कापसाचे बोजे घेऊन जिनिंगला यायचो तेव्हा तुम्ही फाटकाशी बाजेवर बसलेले असायचात, पाठमोरे, आणि मागे वळून न पाहता शेजारच्याला म्हणायचात, "हा माहा मॅट्रिक आला." गाडी फाटकाच्या आधी खालच्या गिअरात येताना दोनदा क्लचचा आवाज व्हायचा, दात करकरायचे नाहीत, त्यावरून तुम्ही ओळखायचात. अभिमानाने सांगायचात. तो अभिमान मला चाबकासारखा लागायचा, पण मी खाली उतरून तुमच्या पाया पडायचो आणि चहा प्यायचो. दुसरं काय करणार होतो? आणि दर वेळी, चहा अर्धा झाला की तुमचं सुरू व्हायचं. मागचं उजवं चाक मी तुझ्यासमोर आवळलं होतं ना? पाना दीड आटा फिरवला होता ना? बारा नंबरचाच पाना तू दिला होतास? मी बशीत चहा ओतत नुसतं हूं म्हणायचो. त्या एका सकाळीत तुम्ही रोज शिरून पाहत होतात, कुठे काय राहिलं. घरी कुणाच्या सायकलचा ब्रेक बसवायची वेळ आली तरी तुम्ही हात मागे घ्यायचात, काकू सांगत. लोक गाड्या दाखवायला आणत, तुम्ही म्हणायचात, मला यातलं आता काही समजत नाही.

एकदा काकूंनी मला दाराशी गाठलं. "तू त्यायच्यासंग होता," म्हणाल्या. "एकडाव सांग नं त्यायले, तुमची चूक नोयती म्हनून. दुसऱ्या कोनाचं आयकत नाईत." मी आत आलो. तुमच्या समोर बसलो. तोंड उघडलं, आणि म्हणालो, उस्ताद, चूक कुणाचीच नव्हती. कुणाचीच! तुम्ही हसलात आणि माझ्या पाठीवर उजवा हात ठेवलात, जसं काही मीच मोठ्या मनाचा. त्या हाताचं वजन मला आजही जाणवतं.

सहा वर्षं तुम्ही असे काढलीत. शेवटच्या भेटीला तुम्ही बाजेवरून उठत नव्हतात, आवाज खोल गेला होता. मी वाकलो तेव्हा तुम्ही विचारलंत, मागचं उजवं आवळलं होतं ना मी. मी म्हणालो, आवळलं होतं उस्ताद, चांगलं आवळलं होतं. इतक्या वर्षांत तुमच्या प्रश्नाला दिलेलं ते एकच पूर्ण खरं उत्तर. तुम्ही म्हणालात, "मंग सुटला कसा?" घरात काकू होत्या, मी होतो, उतरतं ऊन खिडकीतून बाजेवर पडलं होतं. पाच शब्दांचं काम होतं. मी तुमच्या पायावरची चादर सारखी केली आणि म्हणालो, निजा जरा. चौथ्या दिवशी निरोप आला.

तेराव्याला काकूंनी मला आत बोलावून तो बाभळीचा गट्टू दिला. धडकेनंतर तो तुम्हीच दांड्यावरून काढून आणला होता म्हणे, एका हाताने. मग त्या सहज म्हणाल्या की घाटातल्या दगडाला कोणीतरी शेंदूर लावत राहायला हवं, आता ते तुझ्याकडे. मी म्हणालो, तो देव तर कधीचा आहे, गावकरी लावतील. काकू म्हणाल्या, "कधीचा कुठचा? यायनंच मांडला तो." मग त्यांनी सगळं सांगितलं. आसामात प्रत्येक घाटाच्या माथ्यावर लाल झेंडी घेऊन एक शिपाई उभा असे, सगळ्या गाड्या थांबवी, खालचा गिअर घातल्याशिवाय कुणाला उतरू देत नसे. तो शिपाई नेमण्याआधी तुमच्या डोळ्यांदेखत एक गाडी न्यूट्रलमध्ये खाली गेली होती, बारा माणसांसकट. इथे आल्यावर तुम्ही ड्रायव्हरांना सांगून पाहिलंत, थांबा म्हणून. माणसाचं कोण ऐकतं? म्हणून एक दिवस नाल्यातला दगड उचलून पळसाखाली ठेवलात आणि शेंदूर फासलात. मी काकूंना विचारलं, मला कसं सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "मीनं मटलं होतं, मॅट्रिकले सांगा. तं म्हने, नाई, तो शिकेल हाये, चारचौघांत बोलून जाईन, मंग कोनी थांबनार नाई."

तेव्हा मला तुमचा भयंकर राग आला, उस्ताद. आजही येतो. एक वाक्य सांगितलं असतंत! मी शास्त्र शिकलो होतो, मला समजलं असतं. उभ्या गाडीत गिअर चुकत नाही, म्हणून उभं राहायचं, एवढंच तर होतं. मग राग ओसरतो आणि दिसतं की तुम्ही मला बरोबर ओळखलं होतंत. मी बोलून गेलोच असतो. देव कसा खोटा आहे, हे वाशीमपासून अमरावतीपर्यंत मीच सांगत फिरलो असतो.

तुमच्यामागे पस्तीस वर्षं मी चाक धरलं. पुढे सरकारी गाड्यांवर लागलो, पन्नासेक जणांना शिकवलं. सगळ्यांना माथ्यावर थांबायला लावलं, कुणाला कारण सांगितलं नाही. आता त्या दगडावर पत्र्याचं छप्पर आहे, घंटा आहे, नारळ फुटतात. लोक मला म्हणतात, तुम्ही फार भाविक. मी मान डोलावतो.

हे सगळं लिहून झालं आणि पहिल्यापासून वाचून पाहिलं. एक जागा खटकली. वर मी लिहिलं आहे की तुमचा ताप वाढला होता, मला दवाखान्याची घाई होती, म्हणून मी पळसापाशी थांबलो नाही. इतकी वर्षं मी स्वतःलाही हेच सांगत आलो, आणि आज तुम्हाला सगळं खरं सांगायला बसलो तरी हातून तेच उतरलं. घाई नव्हती. तुमचा ताप होता, पण तुम्ही कण्हत नव्हतात, शांत झोपला होतात, आणि म्हणूनच. माथा आला तेव्हा मी दगडाकडे पाहिलं, मग तुमच्याकडे पाहिलं. कांबळं डोक्यावरून होतं. मला चालत्या गाडीत, उतारावर, चौथ्यावरून थेट दुसरा घालून पाहायचा होता, एकही दात न वाजवता. खाली पातूरला गाडी उभी करून तुम्हाला जागं करायचं आणि म्हणायचं, उस्ताद, पाहा, देवाशिवाय उतरवली. वाक्य आधीच जुळवून ठेवलं होतं मी.

पत्राची घडी घालून गट्टूच्या खाली ठेवतो. टाकणार कुठे? तुम्ही मला एकदाच विचारलं होतं, तेव्हा एकदाच सांगतो. कोणताच नव्हता, उस्ताद. तुमचे ब्रेक चांगले होते.